हिरो आणि फौज यांचा सांधा: आरपीजी-आरटीएस मिश्र गेमचे परीक्षण कसे करावे

आरपीजी (एक पात्र वाढवत कथा पुढे नेण्याचा प्रकार) आणि आरटीएस (बेस उभारून, पाळी न पाहता सतत चालणाऱ्या लढाईत फौज हाकण्याचा प्रकार) यांचे मिश्रण असलेल्या गेमची परीक्षणे वाचताना एक चूक वारंवार आढळते. परीक्षक निम्म्या लेखात कथा, पात्रे आणि हिरोची कौशल्ये यांबद्दल लिहितो, उरलेल्या निम्म्यात बेस, सैनिक आणि साधनसंपत्ती यांबद्दल लिहितो, ग्राफिक्स आणि आवाज यांचा एकेक परिच्छेद जोडतो आणि शेवटी दहापैकी गुण देतो. हिरो वाढवण्यात घालवलेला वेळ फौजेच्या कामी येतो का, आणि फौजेवर खर्च केलेल्या सोन्याचा हिरोला काही लाभ होतो का, हे मात्र वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. अशा गेमचे यशापयश या दोन भागांच्या सांध्यावर ठरते. म्हणून परीक्षणाची तयारी, खेळण्याचा क्रम आणि लेखाची मांडणी या तिन्ही गोष्टी हा सांधा तपासण्याच्या दृष्टीनेच आखाव्या लागतात.

पुढील टप्प्यांत उदाहरणे मुख्यतः २००२ सालच्या वॉरक्राफ्ट ३ मधून घेतली आहेत, कारण तो गेम बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला असतो. जेथे त्याचे उदाहरण पुरे पडत नाही, तेथे स्पेलफोर्स मालिकेचा आधार घेतला आहे.

टप्पा १: खेळायला बसण्यापूर्वी

पहिली नोंद आवृत्तीची करावी. स्पेलफोर्स ३ हा गेम २०१७ साली आला आणि २०२१ साली त्याची रीफोर्स्ड ही सुधारित आवृत्ती आली. वॉरक्राफ्ट ३ ची रीफोर्ज्ड आवृत्ती २०२० साली आली. एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळा गेम विकला जातो, आणि पॅचमध्ये (गेम आल्यानंतरच्या दुरुस्तीत) एखाद्या कौशल्याची किंवा इमारतीची किंमत बदलली तरी हिरो आणि फौज यांचा तोल बदलतो. गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर दिसणारा आवृत्ती क्रमांक वहीत उतरवावा. खेळत असताना मध्येच अपडेट आले, तर ते कोणत्या मिशननंतर आले तेही लिहावे.

दुसरी नोंद आपल्या यंत्राची: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, पडद्याचे रिझोल्यूशन. पडद्यावर एकच हिरो असताना सुरळीत चालणारा गेम दोन्ही बाजूंच्या फौजा भिडल्या की अडखळू लागतो, असा अनुभव या प्रकारात नेहमी येतो. म्हणून 'माझ्याकडे नीट चालला' एवढे विधान येथे अपुरे आहे.

तिसरी नोंद गेम कसा मिळाला याची. प्रकाशकाने प्रत फुकट दिली असेल तर ते वाचकाला स्पष्ट सांगावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या, आणि फुकट मिळालेली वस्तू हाही त्यांत उघड करण्याजोगा लाभ मानलेला आहे.

चौथी तयारी वेळेची. एकदा खेळून झाल्यावर एक मिशन पुन्हा, वेगळ्या पद्धतीने खेळायचे आहे (टप्पा ४ पाहावा), तेव्हा तेवढे तास आधीच बाजूला काढावेत.

*इशारा:* या प्रकारच्या गेमला शितावरून भाताची परीक्षा लागू पडत नाही. वॉरक्राफ्ट ३ मधील मानवी मोहिमेच्या पहिल्या मिशनमध्ये बेस नाहीच. आर्थस हा हिरो आणि त्याचे मोजके सैनिक गावातून फिरतात, एवढेच. त्यावरून कोणी 'हा छोटेखानी आरपीजी आहे' असे लिहिले, तर ते पुढच्याच मिशनमध्ये खोटे ठरते. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांत परत करता येतो, त्यामुळे त्या दोन तासांत काय दिसते आणि काय दिसत नाही हे वाचकाला अवश्य सांगावे. निकाल मात्र त्या दोन तासांवर देऊ नये.

टप्पा २: मिश्रण कोणत्या जातीचे आहे ते ठरवणे

हा टप्पा लहान असला तरी तो वगळल्यास पुढची सर्व मोजमापे चुकतात. वॉरक्राफ्ट ३ चा पाया आरटीएसचा आहे: बेस, सोने, लाकूड, फौज, आणि त्यावर लेव्हल चढणारा, वस्तू बाळगणारा हिरो बसवलेला आहे. पहिल्या स्पेलफोर्समध्ये एक मुख्य पात्र नकाशांमागून नकाशे पार करत जाते आणि विशिष्ट स्मारकांपाशी पोहोचल्यावर त्या त्या वंशाचे कामगार बोलावून बेस उभारते, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास समान वजनाच्या आहेत. २००९ सालच्या डॉन ऑफ वॉर २ च्या मोहिमेत बेस बांधणेच काढून टाकलेले आहे आणि लेव्हल व शस्त्रसामग्री मिळवत जाणाऱ्या मोजक्या तुकड्या रिअल-टाइममध्ये लढवायच्या आहेत.

तिसऱ्या जातीच्या गेममध्ये 'बेस बांधता येत नाही' हा दोष नव्हे आणि पहिल्या जातीच्या गेममध्ये 'संवादांत पर्याय नाहीत' हाही दोष नव्हे. गेमने जे करण्याचे पत्करले आहे, त्याच मापाने तो मोजावा.

*इशारा:* मालिकेच्या नावावरून जात ठरवू नये. स्पेलफोर्स हेच नाव धारण करणारा २०२३ सालचा काँक्वेस्ट ऑफ ईओ हा गेम पाळीपाळीने खेळायचा आहे, रिअल-टाइम नाही.

*तपासणी:* 'हा पाया अमुक प्रकारचा आहे आणि त्यावर तमुक प्रकार बसवला आहे' असे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिता येते का? येत नसेल तर आणखी दोन मिशन खेळावीत आणि मगच पुढे जावे.

टप्पा ३: पहिला खेळ आणि चार रकान्यांची वही

पहिल्या वेळी स्वतःच्या स्वाभाविक पद्धतीने, मधल्या काठिण्य पातळीवर आणि दुसऱ्या कोणाचेही परीक्षण न वाचता खेळावे. मात्र हाताशी वही असावी आणि तिच्यात चार रकाने आखलेले असावेत: वेळ, लक्ष कुठे होते, काय केले, काय निसटले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. हिरो आणि बेस एकाच वेळी सांभाळताना एकाकडे पाहिले की दुसऱ्याकडे काहीतरी बिघडते. ते बिघडणे खेळाडूच्या निवडीमुळे होते की गेमच्या चुकीच्या रचनेमुळे, याचा निवाडा पुढे याच नोंदींवरून करता येतो.

मानवी मोहिमेतील पाचव्या मिशनमध्ये आर्थसला हार्थग्लेन हे गाव ३० मिनिटे राखून धरायचे असते. त्या मिशनच्या माझ्या वहीतील काही ओळी अशा आहेत (बॅरॅक्स ही सैनिक तयार करणारी इमारत, फूटमन हे पायदळ सैनिक, होली लाइट हे आर्थसचे बरे करणारे कौशल्य आणि मॅना ही कौशल्ये वापरायला लागणारी शक्ती):

७ मि. १० से. | बेस | बॅरॅक्समध्ये चार फूटमन लावले | आर्थस वेशीपाशी एकटा पडला
७ मि. ४० से. | हिरो | जखमी फूटमनवर होली लाइट | लाकूड संपल्याचे कळले नाही
८ मि. ०५ से. | बेस | दोन कामगार सोन्यावरून लाकडावर | दुसऱ्या बाजूचा हल्ला उशिरा दिसला
८ मि. ३० से. | हिरो | फौज दोन्हीकडे वाटली | मॅना संपला, दोन फूटमन गेले

या चार ओळींवरून एक गोष्ट लक्षात येते. दर अर्ध्या मिनिटाला लक्ष इकडून तिकडे जात होते आणि प्रत्येक वेळी निसटलेली गोष्ट पुढच्या ओळीतील कामाचे कारण ठरत होती. अशी ओढाताण हेच या मिशनचे बळ आहे. हीच वही दुसऱ्या एखाद्या गेमसाठी लिहिली आणि त्यात सलग वीस मिनिटे 'बेस' आणि नंतर सलग वीस मिनिटे 'हिरो' एवढेच आले, तर तो गेम दोन प्रकार एकत्र न विणता एकापाठोपाठ एक मांडत आहे, हे पुराव्यासह म्हणता येते.

पहिल्या तासात जे समजले नाही ते त्याच वेळी लिहून ठेवावे. दहाव्या तासाला बोटांना सगळे सवयीचे झालेले असते आणि नवख्या खेळाडूची तारांबळ कुठे उडते हे परीक्षकाला आठवत नाही.

*तपासणी:* प्रत्येक बैठकीनंतर चौथा रकाना वाचावा. तो सलग तीन मिशनमध्ये रिकामा राहिला असेल, तर एकतर काठिण्य पातळी फार सोपी आहे किंवा दोन भागांपैकी एक नावापुरता आहे. दोहोंपैकी काय ते पातळी एकदा वाढवून पाहिल्यावर कळते.

टप्पा ४: सांधा तपासणे

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. पुढील चार प्रश्नांची उत्तरे गेममधील ठोस नियमांच्या आधारे शोधायची आहेत. 'मला वाटले' या आधारे नव्हे.

*पहिला प्रश्न: हिरो फौजेला काय देतो?* आर्थस पॅलडिन (धर्मयोद्धा) या प्रकारचा हिरो असताना त्याच्याकडे तीन साधी कौशल्ये आणि सहाव्या लेव्हलला मिळणारे एक अंतिम कौशल्य असते. होली लाइट स्वतःवर वापरता येत नाही. ती जखमी साथीदाराला बरे करते किंवा अनडेड (मेलेल्यांतून उठलेल्या) शत्रूला इजा करते. डिव्हाइन शील्ड फक्त त्याला स्वतःला वाचवते. डिव्होशन ऑरा आसपासच्या सर्व मित्रसैनिकांचे चिलखत वाढवते. रिझरेक्शनने मेलेले सहा सैनिक परत उभे राहतात. येथे लेव्हल चढताना मिळणारा प्रत्येक गुण हा 'मी वाचू की माझी माणसे वाचवू' असा प्रश्न घेऊन येतो. नुसती कौशल्यांची यादी देणारा परीक्षक नेमकी हीच गोष्ट सांगायची विसरतो.

*दुसरा प्रश्न: फौज हिरोला काय देते?* सैनिकांनी मारलेल्या शत्रूचा अनुभव (ज्याने लेव्हल चढते) हिरोला मिळतो का, फौजेशिवाय हिरोला पुढचा प्रदेश खुला होतो का, हे पाहावे. उलट दिशेचाही एक धागा असतो: पहिल्या स्पेलफोर्समध्ये पात्राला भटकंतीत किंवा व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या आराखड्यांमुळे बेसमध्ये नव्या इमारती उभारता येतात. शोधाशोध केल्याचे फळ अशा रीतीने बांधकामात दिसते, तेव्हा सांधा पक्का आहे असे समजावे.

*तिसरा प्रश्न: अतिरेकाला आळा कोण घालतो?* कोणत्याही मिश्र गेममध्ये दोन पळवाटा असतात. एक, हिरो इतका बलवान करावा की फौजेची गरजच उरू नये. दुसरी, फौज इतकी मोठी करावी की हिरो कोपऱ्यात उभा ठेवला तरी चालावे. चांगला गेम दोन्ही वाटा नियमांनी अडवतो. वॉरक्राफ्ट ३ च्या फ्रोझन थ्रोन या विस्तार-आवृत्तीत फौजेचा आकार ५० अन्नएककांपर्यंत (प्रत्येक सैनिकाला ठरावीक अन्न लागते, त्यावरून हा आकार मोजतात) असेल तर कामगाराने आणलेले १० सोने पूर्ण जमा होते. ५१ ते ८० या टप्प्यात त्यातले ७ जमा होते आणि ८१ पासून १०० पर्यंत केवळ ४. कामगार तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच, पण तिजोरीत पडणारा आकडा निम्म्याहून कमी. दुसऱ्या बाजूने, नेहमीच्या बहुखेळाडू सामन्यात हिरो पाचव्या लेव्हलला पोहोचला की रानटी प्राण्यांकडून मिळणारा अनुभव बंद होतो, त्यामुळे पुढे वाढायचे तर त्याला शत्रूच्या फौजेला भिडावेच लागते. परीक्षण करायच्या गेममध्ये असे बांध कोठे घातले आहेत ते शोधावे, आणि नसतील तर तो उणेपणा स्पष्टपणे नोंदवावा.

*चौथा प्रश्न: पुढच्या मिशनमध्ये काय सोबत जाते?* वॉरक्राफ्ट ३ च्या मोहिमेत हिरोची लेव्हल, कौशल्ये आणि वस्तू पुढे जातात. फौज आणि बेस मागे राहतात. म्हणजे दूरवरचा हिशेब हिरोचा आणि तात्पुरता हिशेब फौजेचा. यामुळे खेळाडू चांगली औषधे आणि मंत्रपट्ट वापरायला कचरतो का, हे स्वतःच्या वागण्यावरून पाहावे.

आता प्रयोग. एक मोठे मिशन निवडून ते दोनदा खेळावे: एकदा हिरोचे गुण स्वतःच्या लढाईवर लावून, एकदा फौजेवर लावून. हार्थग्लेनचे मिशन मी असे खेळलो. शील्डवर गुण लावलेला आर्थस वेशीत निर्धास्त उभा राहिला, पण फूटमन भराभर पडत गेले आणि सोने पुन्हा पुन्हा भरतीतच गेले. ऑरावर गुण लावल्यावर फूटमन तग धरू लागले, पण आर्थसला दोनदा मागे घ्यावे लागले. दोन्ही मार्गांनी मिशन पार पडले आणि दोन्ही वेळा ते वेगळे वाटले. पसंतीला खरे परिणाम आहेत, असे म्हणण्यासाठी एवढा पुरावा पुरतो.

*इशारा:* ज्या गेममध्ये गुण मागच्या मिशनमधून येतात, तेथे प्रयोग त्या मिशनच्या सुरुवातीपासून करता येत नाही. हिरोने गुण लावण्याआधीचा सेव्ह लागतो. म्हणून प्रत्येक मिशनच्या आरंभी वेगळ्या नावाने सेव्ह करावे आणि ऑटोसेव्हवर विसंबू नये. ही काळजी न घेतल्याने मला एकदा एका मोहिमेची चार मिशन नव्याने खेळावी लागली होती.

*तपासणी:* दोन्ही खेळांत शेवट, वेळ आणि मेलेल्या सैनिकांची संख्या जवळपास सारखीच आली का? तसे असेल तर कौशल्यवृक्ष कितीही फांद्यांचा असला तरी त्याचा लढाईवर परिणाम होत नाही, आणि हे परीक्षणात ठळकपणे यायला हवे.

टप्पा ५: हात आणि डोळे

नियम उत्तम असूनही नियंत्रणामुळे गेम फसतो. गर्दीत हिरो सापडतो का, त्याचे कौशल्य किती कळांत चालते, मोकळा बसलेला कामगार कळतो का, हे पाहावे. वॉरक्राफ्ट ३ मध्ये हिरोंची चित्रे पडद्याच्या डाव्या कडेला असतात, एफ१, एफ२, एफ३ या कळांनी ते थेट निवडता येतात, आणि एफ८ ने रिकामा कामगार सापडतो. मूळ गेममध्ये एका वेळी १२ सैनिकच निवडता येतात, ही मर्यादा मोठ्या लढाईत जाणवते, परंतु त्यामुळेच प्रत्येक सैनिकाकडे लक्षही राहते.

वाट काढण्याची परीक्षा अरुंद पुलावर किंवा वेशीत घ्यावी. वीस सैनिक आणि हिरो यांना एकाच वेळी पलीकडे पाठवावे आणि हिरो कितव्या क्रमांकाने पोहोचतो ते पाहावे. कमजोर जादूगार सर्वांच्या पुढे जाऊन मरत असेल, तर दोष खेळाडूचा नाही.

कन्सोलवरील आवृत्ती असेल तर तिचे परीक्षण स्वतंत्र करावे. माऊसने खेळून कंट्रोलरबद्दल मत देऊ नये.

टप्पा ६: बहुखेळाडू सामने

मोहीम आणि सामने यांचा निकाल वेगवेगळा द्यावा, कारण मोहिमेत तासन्‌तास वाढवलेला हिरो सामन्यात पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो आणि तेथे सांध्याचा तोल निराळाच असतो. पुरेसे सामने खेळले नसतील तर तसे स्पष्ट लिहून हा भाग सोडून द्यावा.

टप्पा ७: लेखन

आता वहीतून लेखाकडे यावे, आणि येथेही क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या परिच्छेदात मिश्रणाची जात सांगावी (टप्पा २ मधील वाक्य येथे जसेच्या तसे उपयोगी पडते). दुसऱ्यात सांध्याबद्दलचा निष्कर्ष द्यावा. त्यानंतर त्या निष्कर्षाचा पुरावा म्हणून एकच प्रसंग जवळून, सविस्तर दाखवावा. कथा, नियंत्रण, तांत्रिक स्थिती आणि आवाज हे त्याच्या मागे यावेत, आणि त्यांतील जे सांध्याशी संबंधित नाही ते थोडक्यात आटोपावे. आरपीजीसाठी एक आणि आरटीएससाठी एक असे समान लांबीचे दोन खंड पाडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

वाक्य कसे असावे, याचे एक उदाहरण पाहू. 'हिरोची कौशल्ये छान आहेत आणि बेस बांधायलाही मजा येते' या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'पॅलडिनचा प्रत्येक गुण स्वतःवर किंवा फौजेवर लावावा लागतो, मी तो स्वतःवर लावला तेव्हा हार्थग्लेन वाचले, पण सोने भरतीतच संपले.' दुसऱ्या वाक्यात नियम आहे, निवड आहे आणि परिणामही आहे; वाचक त्यावरून हा गेम आपल्या आवडीचा आहे की नाही ते ठरवू शकतो.

परिभाषेचा प्रश्न अनेकांना पडतो. हिरो, लेव्हल, मॅना, बेस, मॅप हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी रुळलेले आहेत, ते तसेच ठेवावेत. त्यांना ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द दिल्यास खेळणारा वाचक अडखळतो. मात्र 'बॅलन्स', 'डेप्थ', 'पेसिंग' असे मोघम शब्द वापरून वेळ मारून नेऊ नये. तोल बिघडला आहे असे म्हणायचे असेल तर कशाचा, कुणाकडे आणि कोणत्या मिशनमध्ये, हे मराठीत सांगता आले पाहिजे.

*इशारा:* कथेचा उत्तरार्ध उघड करू नये. उदाहरणे शक्यतो मोहिमेच्या पहिल्या तृतीयांशातून घ्यावीत. पुढचे उदाहरण अपरिहार्य असेल तर पात्राचे भवितव्य न सांगता फक्त मिशनचा नियम सांगावा.

गुण द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी द्यावेत आणि ते दोन भागांची सरासरी काढून देऊ नयेत. उत्तम आरपीजी आणि उत्तम आरटीएस यांची कमजोर जोड असलेला गेम सरासरीत वर जातो, आणि खेळायला बसलेला वाचक निराश होतो.

टप्पा ८: प्रसिद्ध करण्यापूर्वी

मसुदा एक दिवस बाजूला ठेवून पुढील गोष्टी वहीशी ताडून पाहाव्यात. आवृत्ती क्रमांक, यंत्र, काठिण्य पातळी, खेळलेले तास आणि प्रत कशी मिळाली हे लेखात आले आहे का? दिलेला प्रत्येक आकडा गेममध्ये पुन्हा उघडून पाहिला आहे का? स्मरणातून लिहिलेले आकडे पॅचनंतर हमखास चुकतात. लेखातून हिरोविषयीची सर्व वाक्ये काढून टाकली तर उरलेला लेख एखाद्या साध्या आरटीएसचे परीक्षण म्हणून खपेल का? खपत असेल तर सांध्याबद्दल पुरेसे लिहिले गेलेले नाही; टप्पा ४ मधील चार प्रश्नांची उत्तरे पुन्हा वाचून दुसरा परिच्छेद नव्याने लिहावा.

वही आणि प्रयोगाचे दोन्ही सेव्ह जपून ठेवावेत. मोठा पॅच आल्यावर तेच मिशन त्याच सेव्हपासून पुन्हा खेळावे, आणि जे बदलले असेल ते परीक्षणाच्या माथ्यावर तारखेसह नोंदवावे.